साथीचे नियम खिडकीवर कसे आले: खान्देशातली पार्श्वभूमी

मुंबईत 1896 साली प्लेग आला आणि फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. कोरोनाचे नियम राज्याने मार्च 2020 मध्ये काढले, तेही याच कायद्याखाली. मधल्या काळात खान्देशाचे 1906 मध्ये पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, 1998 मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. कायद्याचा रोख मात्र बदलला नाही: तपासा, अडवा, दंड करा. सवय लावण्याचे काम कायद्यात नव्हते. ते रेशन दुकान, ग्रामपंचायत, एसटी आणि आशाताईंवर येऊन पडले.

रेशनवर सगळ्यात अवघड होता अंगठा. एकाच मशीनवर सगळ्या गावाचे बोट टेकत होते. म्हणून ग्राहकाऐवजी दुकानदाराच्या अंगठ्यावर धान्य देण्याची मुभा मिळाली. हा बदल पटकन रुजला, कारण त्यात कोणाला काही लक्षात ठेवावे लागत नव्हते.

रांगेतले चुन्याचे गोल तसे टिकले नाहीत. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांवर जातो. गोल आखले उघड्यावर, तेव्हा लोकांनी गोलात पिशवी किंवा चप्पल ठेवली आणि सगळे निंबाच्या सावलीत खेटून बसले. चूक लोकांची नव्हती. आधी शेडनेट बांधून त्याखाली मीटर-मीटरवर गोल आखायला हवे होते.

जंतुनाशकालाही हेच ऊन भोवले. सोडियम हायपोक्लोराइटचा जोर उष्णतेने आणि उजेडाने उतरतो. पत्र्याच्या खोलीत महिनाभर पडलेल्या कॅनमधले द्रावण 5 टक्क्यांचे राहत नाही. ताजे असेल तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी घातले की 1 टक्का होते. काउंटर, कडी, बसमधले दांडे आधी पुसून घ्यायचे, मग हे लावून दहा मिनिटे ओले ठेवायचे. लोखंडी दांडा नंतर साध्या पाण्याने पुसला नाही तर गंजतो. ॲसिडमध्ये हे कधीच मिसळू नये, विषारी वायू निघतो. माणसांवर फवारण्याचे बोगदे ठिकठिकाणी उभे राहिले. एप्रिल 2020 मध्येच केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ते अपायकारक म्हणून नको सांगितले होते.

हात धुण्याची अडचण पाण्याची. ज्या गावात नळ चार-आठ दिवसांनी येतो, तिथे दाराशी 200 लिटरचा ड्रम, बारीक धारेची तोटी आणि दोरीला बांधलेला साबण ही सोय सॅनिटायझरपेक्षा जास्त कामाची. अशा तोटीवर एका वेळी साधारण एक लिटर पाणी लागते. पण ड्रम भरणार कोण, हे ठरवले नाही तर तो आठवड्यात कोरडा पडतो.

ग्रामपंचायतीकडे एक जुनी शिदोरी होती: टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. गावचे पाणी शुद्ध करणाऱ्या जलसुरक्षकाला ती पिण्याच्या पाण्यासाठी ठाऊक होती, 1000 लिटरला 2.5 ते 5 ग्रॅम, अर्धा तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची चाचणी. पृष्ठभागासाठी तीच पावडर, 33 टक्के क्लोरीनची, लिटरला 30 ग्रॅम लागते. आधी लगदा करून पाणी घालायचे, निवळू द्यायचे, वरचे पाणी घ्यायचे. डबा एकच आणि प्रमाणात हजारो पटींचा फरक, त्यामुळे घोटाळा होणारच. दोन वेगळी मापे, दोन वेगळ्या रंगांची, डब्यालाच दोरीने बांधून ठेवावीत.