गोळी सुटण्याआधीच चुकणारा नेम

प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीत, म्हणजे हालचाल करत आणि घड्याळाशी स्पर्धा करत निशाणे टिपण्याच्या खेळात, नव्याने उतरलेल्या माणसाच्या गोळ्या बहुधा निशाणाच्या खाली लागतात, आणि तो पहिला संशय पिस्तुलाच्या साइटवर, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीवर पुढे-मागे बसवलेल्या खुणांवर, घेतो. वास्तविक काडतूस पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत जेमतेम एक मिलिसेकंद जातो, तर आवाज ऐकून हात हलायला माणसाला सुमारे 150 मिलिसेकंद लागतात. म्हणजे गोळी सुटताना पिस्तूल हाताला जो धक्का देते, त्या धक्क्याला दिलेला प्रतिसाद त्या गोळीचा नेम बिघडवू शकत नाही. तो बिघडवते ती धक्क्याच्या अपेक्षेने ट्रिगर सुटण्याच्या क्षणभर आधी आवळलेली मूठ आणि खाली दाबलेले मनगट.

याची खात्री करून घ्यायची असेल, तर सहकाऱ्याला मॅगझीनमध्ये तुमच्या नकळत एखादे डमी, म्हणजे न उडणारे, काडतूस भरायला सांगावे. त्यावर ट्रिगर ओढला की आवाज होत नाही, पण नळीचे तोंड मात्र ठळकपणे खाली झुकलेले दिसते. हे दृश्य थोडे लाजिरवाणे असते, पण त्याइतके बोलके दुसरे काही नाही.

ही सवय स्फोटानेच लावलेली असल्यामुळे ती मोडण्याचे बरेचसे काम स्फोटाविना, म्हणजे ड्राय फायरने होते. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खातरजमा करावी, नळी गोळी अडवू शकेल अशाच दिशेला रोखावी आणि रोज दहा-पंधरा मिनिटे, फ्रंट साइट (पुढची खूण) तसूभरही न हलता ट्रिगर सुटतो का, एवढेच पाहावे. धक्क्यानंतर पिस्तूल पुन्हा नेमावर आणणे मात्र या सरावाने येत नाही. त्यासाठी रेंजवर खऱ्या गोळ्याच झाडाव्या लागतात.

साइटकडे इतके लक्ष का द्यायचे, हे साध्या भूमितीने कळते. दोन्ही साइटमधले अंतर 15 सेंटिमीटर धरले आणि फ्रंट साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर 15 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर भरकटते. उलट साइट जुळलेल्या ठेवून संपूर्ण पिस्तूल पाच मिलिमीटर बाजूला डुलले, तर गोळीही पाचच मिलिमीटर सरकते. म्हणून हात थोडा थरथरतो याची नवख्याला वाटणारी चिंता बरीचशी अनाठायी असते.

1976 मध्ये अमेरिकेतील मिझुरी राज्यात कोलंबिया येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशनच्या, म्हणजे आयपीएससीच्या, पद्धतीत मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात; या भागाकाराला हिट फॅक्टर म्हणतात. बारा गोळ्यांच्या एका स्टेजमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या एका टप्प्यात, सर्व गोळ्या निशाणाच्या मधल्या, पाच गुणांच्या ए विभागात लागल्या आणि दहा सेकंद लागले, तर हिट फॅक्टर 6 येतो. त्यातली एक गोळी पूर्ण चुकली, तर तिचे पाच गुण जातात आणि वर दहा गुणांचा दंड बसतो. उरलेल्या 45 गुणांत तोच 6 गाठायचा तर स्टेज साडेसात सेकंदांत संपवावी लागेल. घाईने अडीच सेकंद वाचवणे नवख्याच्या आवाक्यात क्वचितच असते.

माझ्या मते नवख्याने वेळ शोधावा तो ट्रिगरच्या वेगात नव्हे, तर दोन गोळ्यांच्या मधल्या कामांत: होल्स्टरमधून पिस्तूल काढणे, मॅगझीन बदलणे, एका निशाणावरून दुसऱ्यावर नजर नेणे. ही कामे एकेक करून घोटण्यापेक्षा आलटून-पालटून करावीत. शे आणि मॉर्गन यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हातांच्या हालचालींचे तीन प्रकार मिसळून शिकणारे सरावाच्या वेळी मागे पडले, पण काही दिवसांनी घेतलेल्या चाचणीत तेच पुढे गेले. त्यामुळे मिश्र सरावात टायमरवरचे आकडे सुरुवातीला वाईट दिसले, तरी तो सोडू नये.

धावतानाचा सराव सर्वांत शेवटी, आणि तोही आधी चालत करावा. डावीकडे जाताना किंवा मॅगझीन बदलताना उजव्या हाताच्या नेमबाजाची नळी नकळत बाजूला वळते. तिने समोरच्या दिशेपासून 90 अंशांची सुरक्षित मर्यादा ओलांडली किंवा अशा वेळी बोट ट्रिगर गार्डच्या आत राहिले, तर पंच स्पर्धकाला तिथेच बाद करतात.