माफीच्या साक्षीदाराशी होणाऱ्या अघोषित वाटाघाटी

गुन्ह्यात सामील असलेला आरोपी साथीदारांविरुद्ध साक्ष द्यायला तयार झाला, की न्यायालय त्याला सशर्त माफी देऊ शकते. तो माफीचा साक्षीदार. माफीचा आदेश कागदावर येतो. त्याआधी तपास अधिकारी आणि आरोपी यांच्यात झालेली बोलणी बहुधा कुठेच नोंदली जात नाहीत.

पोलिसांना माफी देण्याचा अधिकार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 343 आणि 344 नुसार (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे 306 आणि 307) तो न्यायदंडाधिकाऱ्याचा आणि खटला सत्र न्यायालयात गेल्यावर त्या न्यायालयाचा. गुन्हा सत्र किंवा विशेष न्यायालयात चालणारा, नाहीतर 7 वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त शिक्षा होऊ शकेल असा असावा लागतो. अट एकच: माहीत असलेले सगळे, खरे आणि पूर्ण सांगायचे. कलम 182 आणि 354 आमिष दाखवायला मनाई करतात. म्हणजे अधिकाऱ्याने दिलेला ‘शब्द’ न्यायालयावर बंधनकारक नाही, आणि हे आरोपीला अनेकदा कोणी सांगत नाही.

ही बोलणी होतात पोलीस कोठडीत, बहुतेक वेळा वकिलाच्या गैरहजेरीत. अधिकाऱ्याच्या हातात थोड्याच गोष्टी असतात: जामिनाला जोरदार विरोध न करणे, वाढीव कोठडी न मागणे, भावाला किंवा बायकोला आरोपी न करता साक्षीदार ठेवणे. शेवटचे आश्वासन सर्वात परिणामकारक, आणि म्हणूनच सर्वात धोक्याचे. मकोका (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागला असेल तर दडपण आणखी वाढते, कारण 1999 च्या त्या कायद्याच्या कलम 18 खाली पोलीस उपायुक्तासमोरचा कबुलीजबाबही पुरावा ठरतो.

खरी कसोटी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर लागते. कलम 183 चा जबाब (वकिलांच्या बोलण्यात अजून जुन्या क्रमांकाने ‘164’च) घेण्याआधी पोलिसांना खोलीबाहेर काढले जाते. कबुली देण्याचे बंधन नाही, हे समजावले जाते. मग विचाराला वेळ मिळतो. सरवण सिंग खटल्यात (1957) सर्वोच्च न्यायालयाने साधारणपणे किमान 24 तास सुचवले. ‘कोणी काही आश्वासन दिले आहे का?’ हा प्रश्न येतो आणि उत्तर येते, ‘नाही.’ ते पढवलेले असेल, तर सगळा सौदा त्या एका शब्दाखाली गाडला जातो. विचाराच्या काळात आरोपी न्यायालयीन कोठडीऐवजी पुन्हा पोलिसांकडेच गेला असेल, तर जबाबाचा पायाच कच्चा राहतो.

पुढे घोटाळा होतो तो बहुधा कोठडीवरून. माफीचा साक्षीदार आधीच जामिनावर नसेल, तर त्याला खटला संपेपर्यंत आत ठेवावे असे कायदाच सांगतो. मुंबईत मोठे खटले वर्षानुवर्षे चालतात. ‘लवकर सुटशील’ या भरवशावर बोललेला माणूस आर्थर रोडमध्ये तसाच बसून राहतो आणि साक्षीच्या वेळी फितूर होतो. तेव्हा सरकारी वकील कलम 345 खाली माफीची अट मोडल्याचा दाखला देतात, त्याच्यावर मूळ गुन्ह्याचा वेगळा खटला चालू शकतो, आणि खोट्या साक्षीबद्दल कारवाईला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. दिलेला शब्द मात्र सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच नसते. हा अन्याय त्याच्यावर आहेच, त्याच्या जबाबावर अडकलेल्या सहआरोपींवरही आहे.

याच्या उलट उदाहरण मुंबईवरील 26/11 च्या हल्ल्यातील आरोपी डेव्हिड हेडलीचे. अमेरिकेत 2010 मध्ये त्याने गुन्हे कबूल केले तो करार लेखी होता: मृत्युदंड नाही, भारताकडे प्रत्यार्पण नाही, बदल्यात परदेशी खटल्यांत दूरदृश्य पद्धतीनेही साक्ष. 10 डिसेंबर 2015 ला मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला माफी दिली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये साक्ष झाली. काय दिले, काय घेतले, हे आधीच जाहीर होते.

असा कागद नसतो तिथे बचावाचे वकील तारखा जुळवतात: शेवटचा रिमांड अर्ज (पोलिसांचा कोठडी मागणारा अर्ज), जबाबाची तारीख, जामिनाचा आदेश, तुरुंगातील भेटींची नोंदवही. केस डायरी (पोलिसांची तपासाची रोजनिशी) आरोपीला मागून मिळत नाही. पण तपासात जमवलेल्या आणि खटल्यात न वापरलेल्या कागदपत्रांची यादी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले आहे, तिथून धागा मिळतो. जबाबातली वाक्ये रिमांड अर्जाशी शब्दशः जुळणे, नंतर अटक झालेल्यांची नावे मागाहून येणे, स्वतःचा वाटा अगदी किरकोळ दाखवणे, या खुणा उलटतपासणीत उपयोगी पडतात. माफीचा अर्ज कोणी लिहिला, आरोपीने तुरुंगातून की पोलिसांनी, हे सुरुवातीलाच विचारावे.