५८५ किलोहर्ट्झ : विदर्भातल्या खेड्यांचं रेडिओ केंद्र

यवतमाळ, चंद्रपूर, अकोला इथे आकाशवाणी आहे, पण ती एफएमवर. विदर्भात एएमचं, म्हणजे जुन्या भाषेत मीडियम वेव्हचं, घर एकच : नागपूर, ५८५ किलोहर्ट्झवर. गावोगावी छोटं एएम केंद्र हा प्रकार आपल्याकडे झालाच नाही. आर्णीच्या नाहीतर सिंदेवाहीच्या कास्तकाराला 'आपलं केंद्र' म्हणजे नागपूरच. पश्चिमेकडे बुलढाण्याला जळगावचा आणि वाशीमला परभणीचा शेजार, एवढाच काय तो फरक.

नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झालं, पुण्याच्या पाच वर्षं आधी. तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. १९५६ला राजधानीपण गेलं, केंद्र मात्र राहिलं.

पण केंद्र असून खेड्यात ऐकणार कशावर? वीज नव्हती. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, सेट जड बॅटरीवर चाले आणि त्याला आडव्या बांधलेल्या तारेचा एरियल लागे. त्यामुळे रेडिओ असे तो पाटलाकडे, नाहीतर पंचायतीत. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ बांधावर, बैलबंडीत, खळ्यावर पोचला. त्याला दरवर्षी पोस्टात पैसे भरून लायसन काढावं लागे. ती कटकट ऐंशीच्या दशकात संपली.

ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची, म्हणजे एका चुंबकी पदार्थाची, काळी कांडी असते, तोच त्याचा एरियल. आवाज बारीक झाला की सेट आडवा-उभा फिरवायचा तो यासाठीच : कांडीची बाजू केंद्राकडे आली की आवाज भरतो, टोक केंद्राकडे गेलं की बसतो. ५८५ किलोहर्ट्झची लहर सुमारे ५१२ मीटर लांब. दिवसा ती जमिनीला धरून चालते, आणि जमीन जितकी ओली आणि चिकण, तितकी दूर जाते. वऱ्हाडच्या काळ्या मातीचा हा फायदा कापसाइतका कुणी मोजला नाही. रात्री हीच लहर वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून येते. मग दूरची केंद्रं ऐकू येतात, पण आवाज येतो-जातो. पावसाळ्यात वीज कडाडली की खरखर ठरलेली.

ऐकायचं काय, तर आधी हवामान आणि बाजारभाव. १९७२ला राज्यात कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस सरकारनेच विकत घ्यायचा ही पद्धत, आली, तेव्हापासून कापसाचा भाव ही सरकारी घोषणाच झाली आणि बातम्यांची वेळ चुकवणं परवडेना. १९६९ला अकोल्यात कृषी विद्यापीठ झालं होतं. बियाणं आणि फवारणीचा सल्ला देणारी माणसं आता जवळच होती. भजन, नाट्यसंगीत त्यानंतर. माझ्या मते केंद्राची पत बाजारभावानेच राखली, गाण्यांनी नव्हे.

१८ मे १९८८ला आकाशवाणीची रात्रीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून सुरू झाली, तीही १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवर, १५६६ किलोहर्ट्झला. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून हा मान. जानेवारी २०१९मध्ये खर्चकपातीत ती वाहिनी बंद झाली. एवढा जुना, एवढा मोठा ट्रान्समीटर रात्रभर चालवायचा म्हणजे विजेचं बिलही तसंच.

एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की तुटते. मेळघाटात हे लगेच कळतं. पण एफएमचा आवाज स्वच्छ, आणि मोबाइलमध्ये हेडफोनची तारच तिचा एरियल होते. फेराइटची कांडी मात्र फोनमध्ये मावत नाही. म्हणून ज्यांना अजूनही नागपूर ऐकायचं असतं, ते आकाशवाणीचं अॅप लावतात. त्यात खरखर नसते, पण रेंज नसेल त्या वाडीत आवाजही नसतो.