स्पायरल स्क्रॅच

'स्पायरल स्क्रॅच' ही मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक रॉक बँडची पहिली तबकडी. चार गाण्यांची ही सात इंची ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी तबकडी, २९ जानेवारी १९७७ रोजी बँडच्या स्वतःच्याच 'न्यू हॉर्मोन्स' या लेबलवर निघाली. याआधी द डॅम्ड या पंक बँडची तबकडी स्टिफने आणि सेक्स पिस्टल्सची ईएमआयने, म्हणजे लंडनच्या कंपन्यांनी काढली होती. बझकॉक्सनी कंपनीची वाट पाहिली नाही. ब्रिटिश पंकमध्ये स्वतःच्या हिमतीवर तबकडी काढण्याची वाट रुळली ती या ईपीमुळे.

हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली यांची ओळख बोल्टनच्या तंत्रशिक्षण संस्थेत झाली. १९७६च्या जूनमध्ये या दोघांनीच सेक्स पिस्टल्सना मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये बोलावले आणि जुलैमध्ये त्याच सभागृहात त्यांचा स्वतःचा बँडही वाजला. गायक डिव्होटो, गिटारवर शेली, बेस गिटारवर स्टीव्ह डिगल, ड्रमवर जॉन मार.

मित्रांकडून आणि घरच्यांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेऊन २८ डिसेंबर १९७६ रोजी इंडिगो स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. ते तीन तासांत आटोपले आणि मिक्सिंगला आणखी दोन तास लागले. निर्माता मार्टिन हॅनेट. वेष्टनावर त्याचे नाव 'मार्टिन झीरो' असे आहे. पुढे जॉय डिव्हिजन या बँडच्या ध्वनीला आकार दिला तो यानेच.

या वेष्टनाकडे थांबून पाहायला हवे. बँडचा व्यवस्थापक रिचर्ड बून याने पिकॅडिली गार्डन्समधील रॉबर्ट पील यांच्या पुतळ्यापाशी पोलरॉइड कॅमेऱ्याने काढलेला साधा फोटो पुढे आहे. मागे प्रत्येक गाण्याची कुंडलीच मांडली आहे: 'ब्रेकडाउन' तिसऱ्या टेकमध्ये, म्हणजे तिसऱ्यांदा वाजवून, वरून काहीही न जोडता, 'टाइम्स अप', 'बोअरडम' आणि 'फ्रेंड्स ऑफ माइन' पहिल्याच टेकमध्ये, वर फक्त एक गिटार. एरवी स्टुडिओच्या दाराआड राहणारी ही माहिती त्यांनी ग्राहकाच्या हाती दिली. हे काम आपल्यालाही जमेल, असे ती वाचणाऱ्याला वाटणे स्वाभाविक होते, आणि या ईपीचा खरा प्रभाव इथेच आहे. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत स्वखर्चाने तबकड्या काढणाऱ्या छोट्या बँडांची ब्रिटनमध्ये रीघ लागली.

संगीतात सर्वाधिक गाजले ते 'बोअरडम'. त्यातला शेलीचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, दोनच सुरांचा आहे. तेच दोन सूर तो हट्टाने वाजवत राहतो, आणि गाण्याचा विषय कंटाळा असल्याने ते सूर अगदी चपखल बसतात. ऑरेंज ज्यूस या स्कॉटिश बँडने १९८३मध्ये गाजलेल्या 'रिप इट अप'मध्ये या गाण्याचे नाव घेऊन तोच सोलो वाजवला.

पहिल्या खेपेला १,००० प्रती छापल्या होत्या. त्या हातोहात संपल्या आणि पुढे खप १६,०००च्या घरात गेला. तोवर डिव्होटो बँड सोडून गेला होता. त्याने पुढे मॅगझिन हा बँड काढला. गाण्याची धुरा शेलीने उचलली, डिगल बेस सोडून गिटारकडे वळला आणि ऑगस्ट १९७७मध्ये बझकॉक्सनी युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीशी करार केला. १९७९च्या पुनर्प्रकाशनात ही ईपी ब्रिटनच्या खपाच्या यादीत ३१व्या क्रमांकापर्यंत पोचली. २०१७मध्ये, ४० वर्षांनी, डोमिनो या लेबलने ती पुन्हा काढली. शेलीचे २०१८मध्ये निधन झाले. त्यानंतर डिगलच्या गायनासह बँडने २०२२मध्ये 'सॉनिक्स इन द सोल' हा अल्बम काढला.