मारिओचे टक्के 59 की 95? टोमॅटो आणि पॉपकॉर्नचा घोळ

मागच्या शनिवारी संध्याकाळी ताईचा फोन, आणि मागून दाजींचा आवाज. विषय काय तर भाचीला तो मारिओचा पिक्चर लावून द्यायचा का नाही. मी आदल्या दिवशीच सांगून बसलो होतो की बिनधास्त लावा, रॉटन टोमॅटोजवर, म्हणजे पिक्चरला टक्के देणाऱ्या त्या साइटवर, 95 टक्के आहे, आणि दाजींनी स्वतः साइट उघडून बघितली तर त्यांना दिसले 59. मग काय, तुझ्या भावाने आकडा उलटा वाचला, 59 चे 95 केले, असं त्यांनी डिक्लेअर करून टाकलं. ताई म्हणे, अरे चष्म्याचा नंबर वाढलाय का तुझा?

तर नंबर वाढलेला नाही आणि दाजीही चुकलेले नाहीत. एकाच पिक्चरच्या एकाच पानावर हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत, एक टोमॅटोच्या चित्राखाली आणि एक पॉपकॉर्नच्या डब्याखाली. 2023 चा ‘द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही’, इल्युमिनेशन हा ॲनिमेशन स्टुडिओ आणि मारिओचा गेम काढणारी निन्टेन्डो, दोघांनी मिळून काढलेला, जगभरात 136 कोटी डॉलरच्या आसपास कमावलेला. टोमॅटो म्हणजे समीक्षक, तिथे 59. पॉपकॉर्न म्हणजे तिकीट काढून गेलेली पब्लिक, तिथे 95. इथपर्यंत बऱ्याच लोकांना माहीत असतं. खरा घोळ पुढे आहे, आणि तो माझ्या डोक्यातही बरीच वर्षं होता.

टक्के म्हटलं की आपल्याला मार्क आठवतात, त्यात आपली चूक नाही, लहानपणापासून तेच ऐकलंय, किती टक्के पडले, शेजारच्याला किती पडले. म्हणून 59 बघितलं की वाटतं समीक्षकांनी शंभरपैकी 59 मार्क दिले, सेकंड क्लासचा पिक्चर, आणि 95 म्हणजे पब्लिकने बोर्डात आणला. पण हे मार्कांचे टक्के नाहीतच. हे निकालाचे टक्के आहेत. दहावीच्या वेळी शाळेच्या गेटवर फ्लेक्स लागतो ना, ‘शाळेचा निकाल 95 टक्के’, त्याचा अर्थ प्रत्येक पोराला 95 पडले असा कोणी काढतो का? शंभर पोरं बसली, 95 पास झाली, एवढंच. त्यातली चाळीस 36 मार्कांवर कशीबशी सुटली असतील, फ्लेक्सला त्याचं काही देणंघेणं नसतं.

टोमॅटो अगदी असाच चालतो. एखादा समीक्षक लिहितो, पिक्चर ठीक आहे, पोरांना आवडेल, गोष्टीत दम नाही पण दिसायला छान. आता हा पास का नापास? ते एक तर तो समीक्षक स्वतः सांगतो नाही तर साइटवाले त्याचं लिखाण वाचून ठरवतात, आणि एकदा पास म्हटलं की हा कोमट पास आणि दुसऱ्या कोणी नाचत दिलेला पास, दोघांची किंमत एकच. मग एकूण शंभरातले किती पास ते टोमॅटोखाली छापतात. 60 किंवा वर असेल तर लाल ताजा टोमॅटो, खाली असेल तर फुटलेला हिरवा. म्हणजे मारिओ चक्क एका टक्क्याने लटकला! आपल्या बोर्डात असता तर एक ग्रेस मार्क देऊन वर ढकलला असता.

पॉपकॉर्नचं गणितही तेच, फक्त परीक्षक वेगळे. प्रेक्षक पाचपैकी स्टार देतो, साडेतीन किंवा जास्त दिले तर पास, तीन दिले तर नापास. बघा, म्हणजे तीन स्टारवाला ‘बरा होता की’ म्हणणारा माणूस इथे नापासात धरला जातो. पब्लिक काय कशालाही चांगलं म्हणते असं जे आपण म्हणतो ते निदान या हिशोबात तरी खरं नाही, पासिंगची रेघ तशी वर आहे आणि तरी 95.

मग खरे मार्क कुठे बघायचे? ते दुसरीकडे असतात. मेटाक्रिटिकवर समीक्षकांच्या मार्कांची सरासरी काढतात, त्यातही मोठ्या पेपरांना जास्त वजन, तिथे मारिओला 46. आयएमडीबीवर पब्लिकची सरासरी, तिथे दहापैकी 7 च्या आसपास. आता हे चार आकडे एकत्र ठेवा. समीक्षकांचा निकाल 59, मार्क 46. पब्लिकचा निकाल 95, मार्क सत्तर. म्हणजे समीक्षकांचे मार्क निकालाहूनही कमी, पब्लिकचे 95 वाटतात तेवढा पिक्चर भारीही नाही, पण मार्क बघितले तर दोघांमधलं अंतर छत्तिसावरून चोविसावर येतं. भांडण आहेच, पण फ्लेक्सवर दिसतं तेवढं मोठं नाही.

यावर अजून विश्वास बसत नसेल तर श्रेकच्या घराण्यातल्या मांजराचा पिक्चर घ्या, ‘पुस इन बूट्स: द लास्ट विश’, 2022 चा. तिथे समीक्षक 95 आणि पब्लिक 94 च्या घरात, म्हणजे पब्लिकचा निकाल बघितला तर मारिओ आणि मांजर अगदी खांद्याला खांदा लावून. पण आयएमडीबीवर मांजर 7.8 ला आणि मारिओ 7 ला. दोन्ही शाळांचा निकाल सारखाच, पण एका शाळेत पोरं सत्तरने पास झाली आणि दुसरीत अठ्ठ्याहत्तरने. ज्यांनी दोन्ही बघितलेत त्यांना हा फरक सांगायची गरज नाही, त्या पिक्चरमधला लांडगा शीळ वाजवत येतो तेव्हा पोरंच काय, मोठी माणसंसुद्धा पॉपकॉर्न खायची थांबतात.

आता दुसरा प्रश्न, मार्क बघितले तरी अंतर आहेच, ते का? माझं स्पष्ट मत असं की दोघांनी पिक्चर वेगळा बघितलेला नाही, दोघांना तेच दिसलंय. समीक्षकांची मुख्य तक्रार काय होती, तर गोष्ट पातळ, नुसता गेमच पडद्यावर आणलाय, जुन्या इंग्लिश गाण्यांचा मारा, सगळं पळत पळत, दीड तासात श्वास घ्यायला जागा नाही. आणि पब्लिकचं कौतुक काय? अगदी गेमच पडद्यावर आणलाय राव, दीड तासात कुठे बोअर नाही! एकच वाक्य, एकाने नाक मुरडून म्हटलं आणि एकाने शिट्टी मारून. समीक्षकाला पिक्चर बघायचं काम असतं, मारिओ आवडतो का नाही हे त्याला कोणी विचारत नाही, उद्या त्याला दुसरा बघायचाय. पॉपकॉर्नवाला मात्र स्वतःचे पैसे घालून, आवडीने, बहुतेक पोरं घेऊन गेलेला असतो, ज्याला मारिओत काडीचा इंटरेस्ट नाही तो गेलेलाच नाही त्यामुळे त्याचं नापास मोजलंच जात नाही. परीक्षेला फक्त त्या विषयाची आवड असलेलीच पोरं बसवली तर निकाल 95 लागणारच ना.

त्यात 2019 पासून पॉपकॉर्नचा जो आकडा आधी दिसतो तो तिकीट काढल्याचा पुरावा असलेल्यांचा, आणि तो पुरावा तिकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, तिकीट साइटवरून येतो. म्हणजे आपण ठाण्यात किंवा नाशकात पिक्चर बघून आलो तर आपलं मत त्या पहिल्या आकड्यात पडत नाही. बरं, पॉपकॉर्नमीटर हे नावही 2024 चं, त्याआधी त्याला साधं ऑडियन्स स्कोअर म्हणायचे, त्यामुळे जुने लेख वाचताना गोंधळू नका, गोष्ट तीच आहे.

सिनेमास्कोअर म्हणून अजून एक प्रकार आहे, तिकडे पहिल्या दिवशी थिएटरातल्या लोकांना कार्ड देऊन ग्रेड विचारतात, 1979 पासून चालू आहे. मारिओला ए मिळाला. पण पोरांच्या ॲनिमेशनला ए मिळणं म्हणजे केजीच्या प्रगतिपुस्तकावर ‘उत्तम’ असण्यासारखं, 2017 च्या त्या इमोजीवाल्या पिक्चरला टोमॅटोवर दहा टक्केही मिळाले नव्हते तरी तिथे बी आला होता. इथे बी म्हणजे पालकांना बोलावून घ्या.

आणि मुद्द्याची गोष्ट तर राहिलीच. पोरांच्या पिक्चरला पोरं मार्क देतच नाहीत! साइटवर अकाउंट आईबाबांचं. ते लिहितात, माझ्या मुलाला खूप आवडला, पाच स्टार. म्हणजे हे मार्क कशाचे, तर पोरगं दीड तास जागेवर बसलं त्याचे, आणि ज्यांनी सहा वर्षांच्या पोराबरोबर थिएटरात मधल्या सीटवर दिवस काढलाय त्यांना कळेल की हे मार्क कमी महत्त्वाचे नाहीत. दुसरे मार्क आपल्यासारख्यांचे, ज्यांनी नव्वदच्या दशकात टीव्हीच्या मागे ती वायर खुपसून, पिवळ्या कॅसेटमध्ये फुंकर मारून मारून मारिओ खेळलाय. कॅसेटवर लिहिलेलं असायचं हजारो गेम, आत निघायचे पाच-सहाच आणि त्यातला पहिला मारिओ. शिवाय 1993 मध्ये माणसं घेऊन काढलेला मारिओ इतका आपटला होता की निन्टेन्डोने पुढे तीसेक वर्षं मारिओला मोठ्या पडद्याच्या जवळ फिरकू दिलं नाही. तसं परत झालं नाही या आनंदातच दोन स्टार एक्स्ट्रा पडले असणार, हा माझा संशय.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगत बसलो, ती मध्येच म्हणाली, बरं मग लावू का? म्हटलं लाव, मी पण येतो.

सुरुवातीलाच बाऊझर, म्हणजे पिक्चरचा व्हिलन, बर्फाच्या किल्ल्यावर चाल करून येतो आणि ते एवढेसे पेंग्विन त्याच्या फौजेवर बर्फाचे गोळे फेकतात आणि वर विचारतात, शरण येतोस का? भाची अशी हसली की ताटातली पोळी खाली. तीन वेळा मागे घ्यायला लावलं. नंतर तुरुंगातला तो निळा तारा, गोड आवाजात मरणाच्या गोष्टी बोलणारा, तो तिला कळला नाही पण ताई खो खो हसली. मारिओचा भाऊ लुईजी पकडला गेला तेव्हा भाचीने आईचा हात धरला, सुटला तेव्हा सोडला.

दाजी आधी मोबाइल घेऊन बसले होते. मग तो सीन आला, मारिओ आणि लुईजी ब्रुकलिनमध्ये कामाला जायला उशीर झाला म्हणून पळत सुटतात आणि कॅमेरा एकदम बाजूने, सपाट, अगदी गेमसारखा, बांधकामाच्या फळ्यांवरून उडी, पाइपावरून उडी, डावीकडून उजवीकडे. भाचीला त्यात काहीच विशेष वाटलं नाही, तिने तो गेम कधी बघितलाच नाहीये. दाजींचा मोबाइल मात्र मांडीवर पडला होता आणि उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलत होता, उडीच्या बटणावर.

संपल्यावर भाचीला विचारलं शंभरपैकी किती, तर ती म्हणाली शंभर, पेंग्विनला दोनशे. ताईने सत्तर दिले. दाजी बराच वेळ विचार करून म्हणाले, गोष्टीत काही राम नाही रे, समीक्षक बरोबर बोलतायत, पण तो पळायचा सीन होता ना, त्याचा एक मार्क वाढवून साठ दे.