कोळसा-पोलाद करार आणि कामगार संघटनांचा ‘विरोध’

युरोपच्या आर्थिक एकीकरणाला कामगार संघटनांनी सुरुवातीला विरोध केला, असं सरसकट लिहिलं जातं. फ्रान्स, जर्मनी आणि शेजारी देशांचा कोळसा-पोलाद उद्योग एका सामाईक प्राधिकरणाखाली आणण्याची योजना मे 1950 मध्ये मांडली गेली (1951 चा कोळसा-पोलाद करार त्यातूनच झाला), तेव्हा फ्रान्स आणि इटलीतल्या साम्यवादी कामगार महासंघांनी ती धुडकावली हे खरंच. मजुरी पाडण्याचा आणि जर्मनीच्या हाती पुन्हा शस्त्रं देण्याचा हा डाव आहे, असा त्यांचा आरोप होता. पण त्याच देशांतल्या ख्रिस्ती आणि समाजवादी संघटना योजनेच्या बाजूने होत्या. ब्रिटनमधल्या खाणी 1947 मध्येच सरकारी झाल्या होत्या. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या खाणकामगारांना या योजनेत सामील होणं मानवणार नाही, असं तिथल्या एका मंत्र्यानेच सांगून टाकलं.

आजवर वाद चालतो तो जर्मन कामगार महासंघाच्या होकारावर. त्याच्या जवळचा समाजवादी पक्ष कराराच्या विरोधात, महासंघ मात्र बाजूने! नोव्हेंबर 1950 मध्ये जर्मन धातू कामगारांनी आणि जानेवारी 1951 मध्ये खाणकामगारांनी 90 टक्क्यांहून जास्त मतांनी संपाचा कौल दिला होता. कंपनीच्या कारभारात बरोबरीचा वाटा, एवढी एकच मागणी. संप टळला आणि 21 मे रोजी कायदा झाला. 1000 हून अधिक कामगार असलेल्या कोळसा-पोलाद कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांना मिळाल्या. त्याच महिन्यात महासंघाने कराराला पाठिंबा दिला. त्यामुळे ‘होकार विकला’ हा ठपका बसला तो कायमचा. हा हिशेब अपुरा आहे. जर्मनीतल्या रुहर खोऱ्याच्या कोळशावर विजेत्या राष्ट्रांचं नियंत्रण होतंच आणि ते सैल करून घेण्याची हीच वाट समोर होती. शिवाय करार राबवणाऱ्या नव्या उच्च प्राधिकरणाच्या 9 जागांपैकी काहींवर कामगार चळवळीतली माणसं बसणार होती.

कराराची खरी परीक्षा झाली ती 1958 नंतर. स्वस्त तेल आणि परदेशी कोळशामुळे खाणींच्या तोंडाशी न विकलेल्या कोळशाचे ढीग साचले. फेब्रुवारी 1959 मध्ये बेल्जियमच्या बोरिनाजमध्ये खाणबंदीविरुद्ध संप पेटला. कामगारांच्या पुनर्वसनाची तरतूद करारात होती, पण गावाचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

इटलीतल्या साम्यवादी महासंघाचा सूर युरोपीय आर्थिक समुदाय स्थापणाऱ्या 1957 च्या रोम करारानंतर मवाळ होत गेला, फ्रेंच महासंघ मात्र बराच काळ अडून राहिला. ब्रिटिश महासंघ तर या समुदायात राहायचं की नाही यावरच्या 1975 च्या सार्वमतातही विरोधातच होता. सप्टेंबर 1988 मध्ये बोर्नमथच्या अधिवेशनात युरोपीय आयोगाचे अध्यक्ष सामाजिक हक्कांवर बोलले, तेव्हा त्याच महासंघाच्या प्रतिनिधींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.