भूस्थानिक तंत्रज्ञान आणि खानदेश

जमिनीवरच्या एखाद्या गोष्टीची नेमकी जागा अक्षांश-रेखांशांत नोंदवायची आणि त्या जागेला बाकीची माहिती जोडून पाहायची, या कामाच्या साधनांना मिळून भूस्थानिक तंत्रज्ञान म्हणतात. उपग्रहावरून टिपलेली चित्रे (सुदूर संवेदन), जीपीएस आणि भारताची नाविक यांसारख्या स्थाननिश्चितीच्या यंत्रणा, ड्रोनने केलेली मोजणी आणि हे सगळे थर एकावर एक ठेवून वाचणारी भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, असे त्याचे मुख्य भाग आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात या साधनांचा खरा कस लागतो तो दोन प्रश्नांवर: पाणी कुठे आहे आणि जमीन कोणाची आहे.

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशांत खानदेशाचा बहुतेक भाग 46 क्रमांकाच्या पत्रकांत येतो. 76 अंश रेखांशाच्या पूर्वेकडचा रावेर-मुक्ताईनगरचा पट्टा मात्र 55 क्रमांकात जातो. शेतजमिनीच्या मोजणीचा इथला इतिहास वादाचा आहे. 1852 साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी इंग्रजांच्या मोजणीला उघड विरोध केला होता. मोजणी झाली की शेतसारा वाढणार, हा धसका त्यामागे होता. साखळी ओढून केलेल्या जुन्या मोजणीची टिपणे आणि गावनकाशे आजही आधाराला घेतले जातात. हे नकाशे स्कॅन करून उपग्रहचित्रावर बसवताना पुष्कळदा बांध आपल्या जागी येत नाही, कारण मधल्या काळात कागद आक्रसलेला असतो, घड्यांवर फाटलेला असतो. दोन भावांत वाद असलेल्या वावरात असा चार-पाच मीटरांचा फरक फार मोठा ठरतो. म्हणून नुसत्या पडद्यावर पाहून हद्द सांगू नये. भूकरमापकाने शिवारात जाऊन जुनी दगडी खूण शोधणे अजूनही लागतेच.

पाण्याच्या बाबतीत या तंत्रज्ञानाने खानदेशाला पुष्कळ दिले आहे. तापीचे खोरे हे खचलेले खोरे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी खडकांत पडलेला मोठा भ्रंश, म्हणजे खडक सरकून पडलेली भेग, उपग्रहचित्रात पूर्व-पश्चिम रेघेसारखा ओळखू येतो. या रेघेच्या दक्षिणेला, चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांत, डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-वाळूचा पट्टा आहे. त्याला बझाडा क्षेत्र म्हणतात. नाल्याचे पाणी इथे पाहता पाहता जिरते. केळीसाठी वर्षानुवर्षे कूपनलिका खोल खोल जात राहिल्या, पाण्याची पातळी खाली गेली, आणि हे पाणी परत भरायचे कुठून, याचे उत्तर याच पट्ट्यात सापडते. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी 2025 मध्ये करार केलेल्या तापी महापुनर्भरण योजनेचा विचार याच भूरचनेवर उभा आहे.

धुळे-नंदुरबारकडे चित्र वेगळे दिसते. तिथे काळ्या बेसाल्टला चिरून वर आलेल्या खडकाच्या भिंती, म्हणजे डाइक, शेकड्यांनी आहेत. गावातून पाहिले तर ती एक लांबट टेकडी वाटते. उपग्रहचित्रात मात्र त्याच टेकडीची रेघ गावामागून गाव ओलांडत कित्येक किलोमीटर जाताना दिसते. अशी भिंत जमिनीखालचे पाणी अडवू शकते. मग वरच्या अंगाच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते आणि खालच्या अंगाची विहीर कोरडी पडते. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून साखळी बंधाऱ्यांचे काम उभे केले. नाला नेमका कुठे खोल करायचा, हे खडक कळल्याशिवाय ठरत नाही. तो खडक शोधायला उतार, ओढे आणि भेगा एकत्र दाखवणारा नकाशा हाताशी असला की निम्मी पायपीट वाचते.

पिकांची नोंद हा दुसरा मोठा उपयोग. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन 10 मीटर बाय 10 मीटर असतो, म्हणजे बरोबर एक आर, साधारण एक गुंठा. सातबाऱ्यावर 20 आर लिहिलेले वावर चित्रात वीसच चौकोनांचे. ते 40 बाय 50 मीटर असेल, तर पूर्ण आतले चौकोन फक्त सहा. कडेच्या चौदांत बांधावरचे निंब, पाऊलवाट आणि शेजारची कपाशी मिसळू शकते. केळी ओळखायला सोपी, कारण मे महिन्यात बाकीचे शिवार उघडे पडते तेव्हा पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग असो की पावसाळ्यानंतर लावलेली कांदेबाग, ती हिरवीच असते. पण नुकतीच लावलेली नवती आणि उसाचा फड यांत चित्र गोंधळते. खरिपात ढगांमुळे ही चित्रे कित्येक आठवडे निरुपयोगी होतात, तेव्हा ढगांतून पाहू शकणारे रडार उपग्रह कामाला येतात. 31 ऑगस्ट 2021 च्या चाळीसगावच्या पुरासारख्या प्रसंगीही तेच उपयोगी असतात. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाचा फोटो त्या जागेच्या अक्षांश-रेखांशांसह चढवतो. उपग्रहाच्या अंदाजाला जमिनीवरची साक्ष त्यातून मिळते. गावठाणांसाठी स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून घरमालकांना मालमत्तेची सनद दिली जाते.

सातपुड्यात प्रश्न अधिक नाजूक आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वी कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंब दावा करू शकते. त्यासाठी त्या काळची उपग्रहचित्रे पाहिली जातात. चित्र कोणत्या महिन्याचे, यावर सारे अवलंबून असते. भर पावसातले असेल तर शेत आणि जंगल दोन्ही हिरवे, उन्हाळ्यातले असेल तर पानगळ झालेला साग आणि मोकळे शेत सारखेच करडे. वावरात महू, म्हणजे मोहाची झाडे, राखून ठेवलेले असतील तर ते शेत वरून रानच दिसते. 2012 च्या सुधारित नियमांत म्हणूनच स्पष्ट लिहिले आहे की उपग्रहचित्र हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांच्या जागी तो घेता येणार नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांची साक्ष त्यामुळे कायम राहते, आणि ते योग्यच आहे.

आणखी एक गोष्ट धडगाव-अक्कलकुव्याच्या उतारांवर हमखास घडते. जीपीएस घेऊन कडेने चालत काढलेले क्षेत्र हे आडवे, सपाट क्षेत्र असते. 30 अंशांच्या उतारावरचे एक एकर वावर कागदावर साधारण 0.87 एकर भरते. बैल चालतात ते उतारावरून, त्यामुळे वनहक्काच्या पट्ट्यावरचा, म्हणजे मिळालेल्या कागदावरचा, आकडा वाचून आपली जमीन कापली गेली असे माणसाला वाटते. मोजणी करणाऱ्याने हा हिशेब त्याच दिवशी, त्याच बांधावर उभे राहून, घरातल्या बायामाणसांसमोर समजावून द्यायला हवा.